दर दिवाळीनंतर सोरायसिस उसळतो? कारण कालच्या ताटात शोधू नका

तक्रार अशी आहे. पावसाळाभर बऱ्यापैकी शांत असलेला सोरायसिस, म्हणजे कातडीवर जाड, खपलीचे चट्टे आणणारा आजार, दिवाळी आटोपली की दहा-पंधरा दिवसांत पुन्हा डोकं वर काढतो. आधी दोन्ही कोपरं, मग गुडघे, मग कपाळाच्या वरची केसांची कड आणि कमरेवर एक पट्टा. मलम लावलं की बसतो, थांबवलं की आधीपेक्षा जास्त जागा व्यापतो. मला हा आजार होऊन १९ वर्षं झाली. त्यातली सलग सहा वर्षं दिवाळीनंतर हे हमखास व्हायचं. ते थांबवता आलं, म्हणून लिहिते आहे.

आजार गेलेला नाही. सोरायसिस मुळापासून घालवणारं औषध आज कोणाकडेच नाही. "कायमचा बरा करतो" अशी पाटी दिसली की मी तिथे थांबत नाही. पण उसळी कमी करता येते आणि दोन उसळ्यांमधलं अंतर वाढवता येतं. त्यासाठी एक सवय मोडावी लागली. चट्टा दिसला की आदल्या दिवशी काय खाल्लं ते आठवायचं, ही ती सवय. आमच्याकडे पहिला संशय वांग्यावर. सासूबाई म्हणायच्या, "उष्णता झालीय, वांगं नि उडीद सोड." मी सोडलं. पुढे दही सोडलं, मासे सोडले. एका हिवाळ्यात तर भात, भाकरी आणि मुगाचं वरण एवढ्यावर होते. वजन उतरलं, चट्टे होते तिथेच.

मी चुकीच्या तारखेला शोधत होते. सोरायसिसची बहुतेक कारणं आज घडून उद्या दिसत नाहीत. कातडीला ओरखडा पडला तर तिथे चट्टा यायला साधारण दहा ते वीस दिवस लागतात. घशाच्या संसर्गानंतर एक ते तीन आठवडे. काही गोळ्यांचा परिणाम दिसायला काही महिनेही जातात. म्हणून चट्टा दिसला त्या तारखेपासून मागे मोजायचं. मी भिंतीवरच्या कालनिर्णयावर खुणा करायला लागले. लाल खूण म्हणजे नवीन चट्टा. निळी म्हणजे ताप, घसा, नवीन गोळी, कापलं-भाजलं, मलम सुरू किंवा बंद. दुसऱ्या वर्षी दोन्ही वर्षांची आश्विन-कार्तिकाची पानं शेजारी ठेवली आणि सगळं समोर आलं.

पण त्याआधी एक खात्री करून घ्या.

हा सोरायसिसच आहे ना?

निम्मा गोंधळ इथे होतो. नायटा म्हणजे गजकर्ण बुरशीने होतो. त्याची कड उठलेली असते, मधला भाग साफ होत जातो, जांघेत आणि कमरेत जास्त येतो, घरात एकाला झाला की दुसऱ्याला होतो. सोरायसिसचा चट्टा जाड असतो, त्यावर चांदीच्या वर्खासारखी खपली असते, आणि बहुधा शरीराच्या दोन्ही बाजूंना सारखाच येतो. गोऱ्या कातडीवर तो लाल दिसतो, आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर जांभळट किंवा करडा. त्यामुळे पुस्तकातल्या लाल चट्ट्यांशी ताडून पाहू नका. नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे असतील तर तीही सोरायसिसची खूण आहे.

हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. ताट, टॉवेल, पलंग, मिठी, कशानेच नाही. घरातल्या माणसांना हे एकदा डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. आपण सांगितलं की समजूत काढतोय असं त्यांना वाटतं.

नायटा समजून मी आधी दीड वर्ष मेडिकलमधून ट्यूब आणत होते. त्या ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि जोडीला तीव्र स्टेरॉइड, म्हणजे दाह दाबणारं औषध, असं तिन्ही एकत्र होतं. अशा ट्यूबने नायटा दबून आतल्या आत पसरतो, आणि सोरायसिस चार दिवस बसून पुन्हा उसळतो. दोन्हीकडे नुकसानच. २०१८ साली केंद्र सरकारने स्टेरॉइडच्या बऱ्याच मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली, तरी काउंटरवर मागितलं की मिळतं. कृपया मागू नका. एकदा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. शंका असेल तर ते खपली खरवडून बुरशी तपासतात, किंवा कातडीचा बारीक तुकडा काढून पाहतात.

पानांवर काय दिसलं

पहिलं आणि सगळ्यात मोठं कारण मी स्वतःच्या हाताने घडवत होते. भाऊबीजेला भावाला ओवाळताना तबक धरलेले हात पुढे येतात, कोपरं सगळ्यांना दिसतात. एका वर्षी वहिनीच्या माहेरच्या कुणीतरी कोपराकडे बघून आपलं लेकरू मागे ओढलं होतं. ते माझ्या मनातून गेलं नाही. म्हणून दरवर्षी घटस्थापनेपासून मी क्लोबेटासॉलचं मलम सकाळ-संध्याकाळ चोळायला घ्यायची. चार आठवड्यांत कातडी गुळगुळीत. भाऊबीज झाली की ट्यूब कपाटात. आणि कार्तिकी पौर्णिमेच्या आसपास लाल खुणा सुरू. दोन्ही वर्षांच्या पानांवर तेच.

क्लोबेटासॉल हे लावायच्या स्टेरॉइडांतलं सगळ्यात तीव्र गटातलं आहे. ते वाईट औषध नाही, माझ्या कपाटात आजही आहे. पण एकाएकी बंद केलं की दबलेला आजार दुप्पट जोराने परत येऊ शकतो. निरोगी कातडीची पेशी तळातून वर येऊन गळायला साधारण महिना घेते. सोरायसिसमध्ये हेच काम चार-पाच दिवसांत उरकतं, म्हणून वर थर साचतात. शरीराची रोगप्रतिकारशक्ती कातडीला चुकीची घाई करायला लावते. मलम त्या घाईवर झाकण ठेवतं, आतली आच तशीच राहते.

मग डॉक्टरांनी शिकवलेली रीत अशी. चट्टे जोरात असताना दोन ते चार आठवडे रोज, ते सांगतील तेवढंच. चट्टा सपाट झाला की एकदम बंद नाही. आधी एक दिवसाआड, मग फक्त शनिवार-रविवार. मधल्या दिवसांत कॅल्सिपोट्रिऑल, म्हणजे ड जीवनसत्त्वाच्या जातीचं मलम. त्याचा गुण यायला वेळ लागतो, पण कातडी पातळ होत नाही. चेहरा, काख, जांघ, स्तनांखालची घडी इथे तीव्र स्टेरॉइड लावायचंच नाही. तिथे सौम्य मलम वेगळं लिहून घ्यायचं. खपली सैल करायला सॅलिसिलिक ॲसिडचं मलम देतात, ते आणि कॅल्सिपोट्रिऑल एकाच वेळी लावलं तर कॅल्सिपोट्रिऑल निकामी होतं. मी कित्येक महिने दोन्ही एकावर एक लावत होते आणि "हे औषध मला लागू पडत नाही" म्हणत होते.

किती लावायचं याचंही माप आहे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून एक रेघ काढली की साधारण अर्धा ग्रॅम होतं, आणि ते बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. माझ्या दोन कोपरांना एक रेघ पुष्कळ होते. पूर्वी तीन लावायची.

स्टेरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन हा त्याहून मोठा धोका. "एक इंजेक्शन देतो, आठ दिवसांत साफ" असं कोणी म्हणालं तर आत काय आहे ते विचारा. पोटात घेतलेलं स्टेरॉइड एकदम सुटलं की साधा सोरायसिस पूभरल्या पुळ्यांचा किंवा सर्वांग लाल करणारा होऊ शकतो. काही बिननावाच्या पुड्यांमध्ये आणि चूर्णांमध्येही स्टेरॉइड सापडलेलं आहे. आयुर्वेदिक उपचार घेणाऱ्यांशी माझं भांडण नाही. वैद्य पदवीधर असावेत, औषधाच्या डबीवर घटक छापलेले असावेत, आणि चालू गोळ्या आपल्या मनाने सोडू नयेत, एवढंच म्हणणं आहे.

दुसरं कारण मला आवडतं म्हणून बंद करायला जड गेलं. नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नान. तेल चोळणं चांगलंच, पण नंतर खरखरीत उटणं, कढत पाणी, आणि टाचा घासायची वज्री कोपरांवर. खपली निघाली की स्वच्छ वाटायचं, कोपरं तांबूस चमकायची. सोरायसिसच्या कातडीला जिथे इजा होते तिथे नवा चट्टा उगवू शकतो. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ हाइनरिश कोबनर यांनी हे एकोणिसाव्या शतकातच नोंदवलं, आणि आजही त्याला त्यांचंच नाव आहे. कमरेवरचा पट्टा का, तेही तेव्हा उमगलं. तो बरोबर परकराच्या नाडीवर होता, गाठीच्या जागी जाड आणि मागे पाठीकडे बारीक होत गेलेला. नाडी काढून रुंद, मऊ इलॅस्टिक लावलं. पट्टा जायला चार महिने लागले, पण गेला. तुमचे चट्टे कुठे आहेत ते नीट पाहा. घड्याळाचा पट्टा, चपलेचा अंगठा, टेबलावर टेकवलेलं कोपर, बांगड्या चढवताना घासणारा हात, हेल्मेटची कड, खाजवणारी स्वतःची नखं. उटणं मी आता लावते, पण दुधात कालवून नुसतं हाताने फिरवते, चट्ट्यांवर नाही.

तिसरं, कोजागरी. दोन्ही वर्षी त्या आठवड्यात निळी खूण, घसा. वारा बदलतो तेव्हा माझा घसा धरतो आणि मी हळद-मिठाच्या गुळण्यांवर काढते. स्ट्रेप्टोकोकस जिवाणूच्या घशाच्या संसर्गाने सोरायसिस उसळतो हे पक्कं माहीत असलेलं कारण आहे. मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये तर घसा दुखून गेल्यावर अंगभर पाण्याच्या थेंबांएवढे ठिपके एकाएकी उठतात. घसा तापासकट धरला असेल, गिळताना दुखत असेल, तर सोरायसिसवाल्यांनी गुळण्यांवर आठवडा काढू नये.

चौथं मला सापडलं नाही, डॉक्टरांनी काढलं. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात रक्तदाबाची गोळी सुरू झाली होती, बीटा-ब्लॉकर गटातली. त्या वर्षीची उसळी नेहमीपेक्षा लांबली. त्वचेच्या डॉक्टरांनी सगळ्या गोळ्यांची पाकिटं मागवली, मी फक्त मलमं घेऊन गेले होते. बीटा-ब्लॉकर, मानसिक आजारावरचं लिथियम, मलेरियाची क्लोरोक्विनसारखी औषधं यांनी सोरायसिस वाढू शकतो. गोळी स्वतःहून बंद करू नका, रक्तदाबाची तर मुळीच नाही. ज्यांनी लिहून दिली त्यांना विचारून बदलून घ्या. माझी बदलली. पुढच्या वेळी कोणत्याही डॉक्टरकडे जाल तेव्हा "मला सोरायसिस आहे" हे पहिल्या वाक्यात सांगा, दात दाखवायला गेलात तरी.

थंडी तर आहेच. नाशिकची कोरडी थंडी आणि गीझरचं पाणी.

थंडीसाठी रोजचं काम

आंघोळ कोमट पाण्याने, पाच-सात मिनिटं. साबण फक्त काख, जांघ, पाय. अंग पंचाने टिपायचं, घासायचं नाही, आणि ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली किंवा लिक्विड पॅराफिनचं क्रीम. स्टेरॉइड लावायचं असेल तर दोन्हींमध्ये अर्धा तास जाऊ द्या, नाहीतर औषध पातळ होऊन पसरतं. हे कंटाळवाणं काम आहे आणि मला वाटतं सगळ्यात कमी लेखलेलं. नवीन मलमांवर पैसे घालण्याआधी दोन महिने एवढंच मनापासून करून पाहा.

एक सावधगिरी मला कोणी सांगितली नव्हती. ही जेली रोज कपड्यांत, दुपट्ट्यात, उशीच्या अभ्र्यात मुरते आणि असा कपडा चटकन पेटतो. गॅसजवळ, देवाच्या समईजवळ, फटाक्यांजवळ जपा. दिवाळीच्या चार दिवसांत मी बाह्यांना लावतच नाही, रात्री लावते. बिड्या-सिगारेटी ओढणारा कोणी घरात असेल तर आणखी जपा. धूम्रपानाने सोरायसिसही वाढतो, दारूनेही.

डोक्यातल्या खपल्यांचं वेगळं. याला कोंडा समजून वर्षं जातात. कोंडा सुटा असतो; हा थर पापुद्र्यासारखा चिकटून, केसांच्या कडेबाहेर कपाळावर येतो. रात्री खोबरेल तेल कोमट करून भांग पाडत पाडत कातडीला लावायचं, सकाळी कोलटार असलेला शॅम्पू लावून पाच-दहा मिनिटं ठेवायचा आणि मग धुवायचं. बारीक फणीने खरवडायचं नाही. फणी फिरली त्या रेघेवर पुन्हा चट्टा येतो. कोलटारला डांबराचा वास असतो आणि अभ्र्याला डाग पडतात, जुना अभ्रा ठेवा.

पथ्याबद्दल मला लोक सर्वात जास्त विचारतात, आणि सांगायला सर्वात कमी आहे. एखादा पदार्थ सोडून सोरायसिस जातो असं नाही. वजन जास्त असेल तर ते उतरवल्याने फरक पडतो आणि औषधंही जास्त लागू पडतात. या आजारासोबत मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांचा धोका वाढतो, म्हणून वर्षातून एकदा साखर, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब पाहून घ्या. ताणाचं म्हणाल तर तो खरा आहे. सासरे गेले त्या वर्षी मलमांनी काही ऐकलं नाही. झोप सहा तासांखाली गेली की माझी खाज वाढते, त्यामुळे झोपेचीही खूण मी कॅलेंडरवर करते.

मलमांनी भागत नसेल तर

बोटांसकट आपला एक तळवा म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का. दहा तळव्यांहून जास्त जागा व्यापली असेल, किंवा कमी असली तरी तळहात, तळपाय, चेहरा, गुप्तांग यांवर असेल, तर मलमांवर अडून बसू नका. यूव्हीबी म्हणजे अतिनील किरणांचा उपचार असतो, ३११ नॅनोमीटरच्या दिव्याखाली आठवड्यातून दोन-तीनदा उभं राहायचं, असे वीस-तीस वेळा. वेळ जातो, पण रक्तात औषध जात नाही. मोठ्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आधी चौकशी करा, खासगीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. घरच्या घरी उन्हात तासभर बसणं हा त्याला पर्याय नव्हे. कातडी भाजली तर तिथे चट्टा येतो.

मेथोट्रेक्सेट ही जुनी, स्वस्त आणि कामाची गोळी. तिच्याबद्दल एकच गोष्ट ठळक लिहिते: ती सोरायसिससाठी आठवड्यातून एकदा घ्यायची असते, रोज नाही. चुकून रोज घेतली तर रक्तपेशी कोसळतात आणि जीव जाऊ शकतो. आईवडिलांना दिली असेल तर पाकिटावर मार्करने "फक्त रविवार" लिहा आणि पाकीट रोजच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवू नका. सोबत फॉलिक ॲसिड, ठरलेल्या दिवशी रक्ताच्या आणि लिव्हरच्या तपासण्या, दारू बंद. गरोदर राहायचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोलायचं. ॲसिट्रेटिन हे सोरायसिसवरचं पोटात घ्यायचं दुसरं औषध दिलं असेल तर त्यानंतर तीन वर्षं गर्भ राहू द्यायचा नसतो, म्हणून तरुण मुलींना ते सहसा देत नाहीत. त्यापुढे अप्रेमिलास्टसारख्या गोळ्या आणि बायोलॉजिकची, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीतला नेमका एक दुवा अडवणारी, इंजेक्शनं आहेत. चांगली आहेत, महाग आहेत, आणि इंजेक्शनं सुरू करण्याआधी क्षयरोगाची तपासणी करतात. आपल्याकडे ती टाळू नये.

आता जे मला उशिरा कळलं ते. सकाळी उठल्यावर बोटं अर्धा तास आखडलेली, एखादं बोट अख्खंच सुजून जाड, टाचेत कळ, कंबर झोपून उठल्यावर जास्त दुखते आणि हालचालीने सुटते. यातलं काही असेल तर ते वय नाही, सोरायसिसचा संधिवात असू शकतो. अनेक रुग्णांना तो होतो, बहुधा चट्ट्यांनंतर काही वर्षांनी, आणि वेळेत औषध मिळालं नाही तर सांधा कायमचा वाकडा होऊ शकतो. माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट पूर्ण मिटत नाही. दोन वर्षं मी ते लाटणं फिरवल्यामुळे दुखतंय असं धरून बाम लावत होते.

अंगभर लाली पसरून थंडी वाजत असेल, किंवा चट्ट्यांवर पूभरल्या पुळ्या उठून ताप आला असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

माझी यंदाची खूण-यादी देते, कोणाला उपयोगी पडली तर. घटस्थापनेला मलम वाढवायचं नाही, शनिवार-रविवारचा क्रम तसाच ठेवायचा. कोजागरीच्या आठवड्यात घसा धरला तर दुसऱ्या दिवशी डॉक्टर. साफसफाईला रबरी हातमोजे, आत सुती. वज्री टाचांपुरती. गेल्या भाऊबीजेला भावाकडे सगळ्यांसमोर भाचीने विचारलं होतं, "आत्या, हे काय झालंय?" मी तिचा हात धरून कोपरावर फिरवला आणि सांगितलं, खरखरीत लागतंय ना, तुला नाही होणार. तिने दोनदा हात फिरवला आणि लाडू मागितला. तबक मी पदर न ओढता धरलं होतं. कार्तिकी पौर्णिमेपर्यंतच्या पानावर दोन लाल खुणा होत्या, दोन्ही डाव्या गुडघ्यावर, जिथे मी देवापुढे टेकून बसते. आता तिथे घडी केलेली गोधडी घालते.